मुरशेलीचा चावीवाला

बिमुर्झाची चावी चांगली वीतभर लांब होती. ती तो चामड्याच्या वादीने कमरपट्ट्याला बांधायचा आणि झोपतानाही सोडायचा नाही. बायको होती तेव्हा ती कुरकुरायची, "मी लग्न माणसाशी केलं का लोखंडाशी? रात्रभर बरगडीत टोचतंय मेलं!" बायको गेली, पण चावी काही कमरेवरून हलली नाही. गावात पोरं जन्मली, म्हातारी झाली, रशियन आले नि गेले, वीज आली, जाऊन पुन्हा आली. बिमुर्झा नाकानीची सकाळ मात्र कमरेला हात लावूनच उजाडायची.

आता आमच्या मुरशेलीचं चर्च म्हणाल तर केवढं? दोन गाई बांधायच्या म्हटलं तर तिसरीला जागा नाही. पण आठशे वर्षांचं, आणि आत मुख्य देवदूताची चांदीने मढवलेली प्रतिमा. खालच्या प्रदेशात जाळपोळ चालली होती तेव्हा कुण्या राजाने ती डोंगरात पाठवली, ती परत खाली गेली नाही. एकदा सरकारी ट्रक आला होता न्यायला. बिमुर्झाचा बाप दोन दिवस उंबरठ्यावर बसून राहिला, जेवला नाही, उठला नाही. ट्रक रिकामा गेला. अशा बापाचा हा मुलगा. घराण्यातला सातवा चावीवाला.

दाराला कुलुपं दोन. एक चावी नाकानींच्या घरात, दुसरी समोरच्या जोकियाच्या घरात. दोघं एकत्र आले तरच दार उघडायचं, आणि दोन्ही चाव्यांनी एका छपराखाली एक रात्रही काढायची नाही, असा नियम. आमच्या वाडवडिलांचा देवावर विश्वास होता, शेजाऱ्यावर नव्हता. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट आण घेण्याची. आमच्याकडे कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. गाय कुणाची, बांध कुणी सरकवला, असा तंटा पडला की देवदूताची प्रतिमा उंबरठ्यावर आणायची आणि ज्याच्यावर संशय, त्याने तिच्यावर हात ठेवून बोलायचं. बोलला की विषय संपला. पुन्हा तोंड उघडायची कुणाची छाती नाही. खोटी आण घेणाऱ्याचा वंश बुडतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बिमुर्झाच्या सख्ख्या काकाने एका कुरणासाठी खोटा हात ठेवला होता. त्याच हिवाळ्यात एका घळीत हिमकडा कोसळला आणि काकाचे दोन्ही मुलगे गेले. त्या घळीत दर आठ-दहा वर्षांनी कडा कोसळतोच, असं शाळेचा मास्तर सांगायचा. पण त्या दोघा भावांना फावड्याने उकरून काढलं ते एकोणीस वर्षांच्या बिमुर्झाने. थोरल्याचा हात आधी लागला होता. त्यानंतर त्याला मास्तरचं काही ऐकायचं नव्हतं.

बिमुर्झाला एकच मुलगा, ओतिया. आणि म्हाताऱ्याच्या जिवाला एकच घोर, आपल्यामागे चावी कुणाच्या कमरेला? ओतिया अठराव्या वर्षी राजधानीला, तिबिलिसीला पळाला, बारा वर्षं तिकडेच राहिला. कधी हॉटेलात, कधी टॅक्सीवर. मग चार वर्षांपूर्वी एक दिवस भाड्याची व्हॅन घेऊन दारात उभा. म्हणाला, "बाबा, आता पाहुणे आणतो इथे. आपले बुरूज, आपलं चर्च. सकाळी मेस्तियाहून निघायचं, संध्याकाळी परत. लोक पैसे देतात याचे."

"दगड बघायचे पैसे?" बिमुर्झाने विचारलं.

"दगडांचे नाही, गोष्टींचे."

त्या आठवड्यात म्हाताऱ्याने चावीची वादी बदलली. नवी घेतली, लांब, जाड कमरेलाही पुरेल अशी. ओतियाचं पोट सुटलं होतं ना.

तरी मनात एक काटा होताच. ओतिया सोळा वर्षांचा असताना आजोबांचा खंजीर भिंतीवरून नाहीसा झाला होता. बिमुर्झाने विचारलं, तर पोराने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "मला काय माहीत?" एक पापणी हलली नाही. वर्षाने कळलं, खाली एका माणसाला विकला होता. खंजिराचं दुःख बिमुर्झाने गिळलं. पण ती न हललेली पापणी तो विसरला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणार.

तर यंदाच्या जुलैत जोकियाची बहीण खाली झुगदिदी शहरात वारली. त्याला तीन दिवस खाली जावं लागलं. नेमक्या त्याच तीन दिवसांत ओतियाचे अकरा पोलिश पाहुणे ठरलेले. नियमाप्रमाणे चर्च बंद राहायला हवं होतं. पण पाहुण्यांचं जेवण जोकियाच्याच घरी, त्याची बायको त्सिरा रांधायची, ताटामागे पंचवीस लारी रोख. जोकिया गाडीत बसताना ओतियाच्या हातात चावी कोंबून म्हणाला, "घे, एकदाच. तुझ्या बापाला तेवढं सांग, बाकी कुठे बोलू नकोस."

बापाचा गुडघा तेव्हा भोपळ्याएवढा सुजलेला. चर्चची चढण त्याला जमणार नव्हती. त्याने खूप वेळ त्रागा केला, शिव्या घातल्या, आणि शेवटी कमरेची चावी सोडून मुलाला दिली. आठशे वर्षांत नसेल झालं, ते त्या दिवशी झालं. दोन्ही चाव्या एका हातात गेल्या. तासाभराने ओतियाने चावी परत आणली, वर चेष्टाही केली, "बघा, देवदूत आहे तिथेच आहे. उडाला नाही."

जोकिया परतला, आपली चावी घेऊन गेला. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्या चावीवाल्याने चाळीस दिवस कुलुपाला हात लावायचा नाही, म्हणून चर्च बंद राहिलं. पुढचे पाहुणे बाहेरूनच फोटो काढून गेले.

एक्केचाळीसाव्या दिवशी, ऑगस्ट सरताना, ओतियाची व्हॅन अकरा वाजता आली. सात पाहुणे होते. बिमुर्झा दाढी करून, काळा कोट घालून बुरुजाखालच्या बाकावर बसला होता. ओतिया पाहुण्यांना बुरूज दाखवत होता. आमच्या प्रत्येक घराला बुरूज आहे. वैर पेटलं की माणसं आत, शिडी वर, आणि मग बसा महिनोन्महिने. ओतिया हात उंचावून, डोळे मोठे करून सांगत होता. पाहुण्यांमध्ये आल्माटीहून आलेल्या, रशियन बोलणाऱ्या राइसा नावाच्या एक बाई होत्या. बुरूज चढायचं त्यांनी नाकारलं आणि त्या बिमुर्झाशेजारी येऊन टेकल्या. बिमुर्झाची लष्करात शिकलेली रशियन अजून शाबूत होती.

"काय सांगतोय हो तो एवढं?" बाईंनी विचारलं.

"या बुरुजात चाळीस माणसं चार महिने कोंडून घेऊन बसली होती म्हणतोय."

"खरंच बसली होती?"

"नऊ होती. आणि तीन आठवडे. दारू संपली म्हणून तह केला."

बाई खो-खो हसल्या. "मुलगा छान सांगतो पण."

"खोटं तर फारच छान सांगतो!" बिमुर्झा म्हणाला. आणि म्हणताना छाती फुगली होती त्याची. खरं सांगायचं तर त्या दिवशी तो सुखात होता. मुलगा गावात होता, गुडघा शांत होता, आणि चाळीस दिवसांनी दार उघडायचं होतं.

जोकिया आपली चावी घेऊन आला. "चल रे नाकानी, का पाहुण्या बाईंशी सोयरीक जुळवतोयस?"

"तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन त्या पळून जातील, त्याआधी चर्च तरी बघू देत."

दोघे म्हातारे असे एकमेकांना टोचत चढण चढले. मागे पाहुणे. आधी जोकियाचं कुलूप, मग बिमुर्झाचं. दार करकरलं. आत गार, मेणाचा वास. ओतिया हळू आवाजात बोलू लागला. आत गेला की त्याचाही आवाज आपोआप खाली यायचा. भिंतीवरचे संत, त्यांचे खरवडलेले डोळे, मधोमध देवदूत.

जोकियाने मेणबत्ती पेटवली, वर पाहिलं, आणि म्हणाला, "क्रूस कुठाय?"

देवदूताच्या उजव्या हाताला, लाकडी खांबावरून, तळव्याएवढा चांदीचा क्रूस दोऱ्याने लोंबायचा. लहान होता, पण जुना. बाळंतपण अडलं की बायका त्याच्याकडे बघून नवस बोलायच्या. आता तिथे नुसता खिळा होता.

बिमुर्झाने खिळ्याला हात लावून पाहिला. दिसत होतं तरी हात लावून पाहिला. मग गुडघ्यावर बसून फरशी चाचपली, भिंतीकडची फट पाहिली, प्रतिमेच्या मागे हात घातला. जोकियाही शोधत होता. पाहुणे कोपऱ्यात सरकले. ओतिया त्यांना काहीतरी सांगत होता, हसत, की काही नाही, जरा एक वस्तू सापडत नाहीये.

वस्तू! अरे, वस्तू म्हणे!

आमच्या गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. दहा मिनिटांत पंधरा माणसं चर्चसमोर. गावातले सगळ्यात वयस्क ताराशकाका काठी टेकत आले. एक डोळा गेलेला, पण दुसऱ्यात दोघांचं तेज. ते उंबरठ्यालगतच्या दगडावर बसले.

"दार शेवटचं कधी उघडलं?"

जोकियाच्या तोंडचं पाणी पळालं. "मी... चाळीस दिवस तर दुखवट्यात..."

"त्याआधी?"

जोकिया बिमुर्झाकडे पाहू लागला, बिमुर्झा जमिनीकडे. बोलला तो ओतियाच. "मी उघडलं होतं, ताराशआजोबा. जोकियाकाका खाली गेले होते तेव्हा. दोन्ही चाव्या माझ्याकडे होत्या. अकरा पाहुणे होते."

लोकांत कुजबुज झाली. ताराशकाकांनी काठी आपटली. "दोन्ही चाव्या एका हातात? बिमुर्झा, तुझा बाप या उंबरठ्यावर दोन दिवस उपाशी बसला होता, ठाऊक आहे ना?"

"गुडघा सुजला होता काका."

"गुडघा!" एवढंच म्हणून म्हातारा थुंकला. "तेव्हा क्रूस होता?"

"माझं लक्ष नव्हतं," ओतिया म्हणाला. "असेल. मी गोष्ट सांगत होतो."

"पाहुण्यांपैकी कुणी घेतला असेल?"

"सगळ्यांना मी माझ्यासमोरून बाहेर काढलं. खिशात घातला असेल कुणी तर मला काय माहीत?"

ते तीन शब्द बिमुर्झाच्या कानात शिरले. मला काय माहीत. तोच आवाज, तीच सरळ नजर. त्याने मुलाच्या पायाकडे पाहिलं. नवे बूट, जाड तळव्याचे, परदेशी. बक्षिशीतून घेतले म्हणाला होता. म्हणाला होता खरा.

"मग आण घे," ताराशकाका म्हणाले. "मी घेतला नाही, कुणाला घेऊ दिला नाही, कुणी घेतला ते मला ठाऊक नाही. हात ठेव, बोल, आणि मोकळा हो. क्रूस गेला तर गेला, तुझ्यावर कुणी बोट दाखवणार नाही."

"आणा," ओतिया म्हणाला. लगेच म्हणाला. वर मान वळवून पाहुण्यांना इंग्रजीत काही सांगितलं. दोघांनी मोबाइल वर धरले. नंतर कळलं, तो त्यांना म्हणाला होता की तुमचं नशीब चांगलं, असं कुणाला बघायला मिळत नाही. लाज वाटत होती हो पोराला! सात परक्या माणसांसमोर आपलीच माणसं आपल्याला चोर ठरवायला बसलीत, ती लाज तो कार्यक्रमाखाली झाकत होता. हे आज मला दिसतं, तुम्हालाही दिसेल. बिमुर्झाला दिसलं ते वेगळंच. त्याला दिसलं की मुलगा हसतोय. देवदूतावर हात ठेवायला निघालाय आणि हसतोय.

जोकियाने प्रतिमा दोन्ही हातांनी उचलून उंबरठ्यावर आणली. माणसांनी टोप्या काढल्या. बायका मागे सरल्या. ओतिया पुढे झाला, पॅन्टला हात पुसला, आणि तो उजवा हात चांदीकडे नेऊ लागला.

बिमुर्झाच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी क्रूस नव्हता, गाव नव्हतं. बर्फातून आधी लागलेला तो थोरल्याचा हात होता, निळा, बोटं मिटलेला.

"नको!" तो ओरडला. झेप घेतली त्याने, सत्तरीला टेकलेल्या माणसाने, आणि मुलाचं मनगट धरलं. "हात लावू नकोस! ओतिया, पाया पडतो तुझ्या, लावू नकोस हात!"



ओतियाने आधी मनगटाकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याला कळायला थोडा वेळ लागला. इतरांना लागला नव्हता. त्सिराने डोक्याच्या रुमालाने तोंड झाकलं होतं. जोकिया प्रतिमा धरून तसाच उभा, आणि नजर मात्र भलतीकडे.

"बाबा," ओतिया हळू म्हणाला, "सोडा. मी घेतला नाही तो."

"तू जिवंत राहा. मला बाकी काही नको."

"मी घेतला नाही म्हणतोय ना!"

"खंजिराच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

बोलून गेला. तोंडातून सुटलेला शब्द आणि बंदुकीतली गोळी, परत कुठे घेता येते? अठरा वर्षं घराबाहेर न गेलेली गोष्ट त्याने गावासमोर, पाहुण्यांसमोर, देवदूतासमोर मांडली. ओतियाने मग हात पुढे नेला नाही. नेला असता तर म्हाताऱ्याला ढकलावं लागलं असतं, आणि बापाला ढकलून आण घेणाऱ्याची आण तरी कोण मानणार होतं?

"मी घेतला," बिमुर्झा लोकांकडे वळून म्हणाला. "माझ्या नावावर लिहा. चावी माझी, पाप माझं."

"मग तू हात ठेवून सांग, मी घेतला म्हणून," ताराशकाका म्हणाले.

तेही त्याला जमणारं नव्हतं. खोटी आण ती खोटीच. त्याने कमरेची नवी वादी सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी जोकियाने चाकू दिला. वादी कापून त्याने चावी ताराशकाकांच्या पायाशी ठेवली. सात पिढ्यांत पहिल्यांदा नाकानीच्या कमरेला काही नव्हतं.

मागून एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, दोन-तीन. बिचाऱ्याला वाटलं, संपला खेळ.

राइसाबाई मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. त्या ओतियाजवळ गेल्या आणि रशियनमध्ये विचारलं, "काय झालं? वडील काय म्हणाले?"

ओतियाला त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. इंग्रजीत सांगता आलं असतं. त्याने रशियनमध्ये, शब्द न् शब्द बापाला कळेल इतकं सावकाश, सांगितलं, "माझे वडील म्हणतात, मी चोर आहे."

बिमुर्झाने मान वर केली नाही.

आणि ऐका, त्या पोराने दिवस अर्धा सोडला नाही. पाहुण्यांना खालच्या वाडीतलं दुसरं चर्च दाखवलं, त्याची गोष्ट सांगितली. त्सिराकडे नेऊन बसवलं, मांस भरलेल्या गरम कुब्दारीचे तुकडे स्वतः वाढले. ठरलेल्या वेळी व्हॅन सुरू केली. बापाच्या घरासमोरून गेला तेव्हा वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. मेस्तियात पाहुण्यांना उतरवलं, व्हॅन मालकाच्या अंगणात लावली, आणि दुसऱ्या दिवशी कुठे गेला ते दोन महिने बापाला कळलं नाही.

बिमुर्झाचे ते दोन महिने कसे गेले ते काय सांगू? लोक वाईट वागले असते तर बरं झालं असतं. लोक चांगले वागले. दूध आणून द्यायचे, लाकडं फोडून द्यायचे, आणि मुलाचं नाव काढायचे नाहीत. घरात कुणी मेल्यावर जसं वागतात तसं. एकदा दुकानात कुणीतरी बोलून गेलं, "परक्यांना गाव विकून खाणारा तो, क्रूस काय सोडणार?" बिमुर्झाने ऐकलं, मीठ घेतलं, आणि घरी आला. बोलणार काय? दाखला त्यानेच दिला होता. गावाला शंका होती, फक्त शंका. खात्री बापाने करून दिली.

ऑक्टोबरच्या शेवटी, बर्फ पडायच्या आत, चर्चची साफसफाई असते. मेणबत्त्या खोचायची वाळूची परात त्सिराने अंगणात आणली. वर्षभराचं मेण आणि काजळी काढायला ती वाळू पिठाच्या चाळणीने चाळते. चाळणीत काहीतरी खणकलं. काळाकुट्ट क्रूस. वरच्या कडीत दोऱ्याचा जळका तुकडा. कुण्या पाहुण्याने उंच मेणबत्ती खांबाजवळ लावली असणार, दोरा जळला असणार, आणि क्रूस खालच्या वाळूत रुतला असणार. त्या दिवशी सगळ्यांनी फरशी शोधली, फटी शोधल्या. परातीत कुणी बोट घालून पाहिलं नाही. बिमुर्झानेही नाही. फरशी चाचपतानाच त्याच्या मनाने चोर पकडला होता.

मग काय विचारता! बैल गेला नि झोपा केला म्हणतात तो असा. गावाने मेंढा कापला. ताराशकाकांनी स्वतःच्या हाताने बिमुर्झाच्या कमरेला चावी बांधली. जोकिया मेजवानीचा प्रमुख होऊन बसला, प्यायच्या शिंगात दारू ओतून उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "हा पेला बिमुर्झासाठी! देवाला असा भिणारा माणूस पुन्हा होणार नाही!"

सगळ्यांनी पेले उचलले. बिमुर्झाने आपला खाली ठेवला.

"माझ्यासाठी पिऊ नका रे," तो म्हणाला. "माझ्यासाठी कसलं पिताय?"

"अरे, आता सगळं नीट झालं ना?"

"ओतियाचा नंबर कुणाकडे आहे?"

नंबर जोकियाच्या धाकट्या मुलाकडे होता. म्हणजे गावात कुणालातरी सगळा वेळ ठाऊक होतं, पोरगा समुद्रकाठच्या बातुमीला आहे, एका हॉटेलात सामान उचलतो. बापाने विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त वरच्या बुरुजामागच्या खडकावर मिळते. बिमुर्झा तसाच उठला, बोडक्या डोक्याने, आणि दुखऱ्या गुडघ्याने वर चढला. वारा सुटला होता. चावी मांडीवर आपटत होती.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"ओतिया, मी आहे."

"हं."

"क्रूस सापडला. वाळूत पडला होता. परातीत."

पलीकडे कुठेतरी सामानाची गाडी खडखडली. मग, "बरं झालं."

"गावाने चावी परत दिली. ताराशकाकांनी बांधली. सगळे म्हणतात, ओतियाला बोलवा. त्सिरा रडतेय."

"हं."

"तू ये. रस्ता अजून चालू आहे. दोन आठवडे तरी राहील. ही चावी... मी किती दिवस पुरणार आता? ये तू."

"बाबा, एक विचारू?"

"विचार ना."

"क्रूस सापडला नसता, तर फोन केला असतात का?"

बिमुर्झाने तोंड उघडलं. एकच शब्द तर बोलायचा होता. हो. कुणीही बाप बोलला असता, सहज, विचारसुद्धा न करता. आणि मुलालाही तेवढंच हवं होतं. खाली देवदूत दोन कुलुपांच्या आत बंद होता. कुणी प्रतिमा आणली नव्हती, कुणी हात ठेवायला सांगितलं नव्हतं. पण या माणसाने जन्मात खोटं बोलायची सवयच लावून घेतली नव्हती.  शब्द आला नाही.

पलीकडे ओतियाने थोडा वेळ वाट पाहिली.

"डोक्यावर टोपी घाला बाबा," तो म्हणाला. "वारा आहे तिथे, मला ऐकू येतोय."

आणि फोन ठेवला. यंदा रस्ता अकरा नोव्हेंबरला बंद झाला. ओतिया आला नाही.